लाल रेघा

खोकी तर सगळी वाजली. गोदामाच्या दारातला तपासनीस खोक्यावरच्या जाड काळ्या रेघांवर यंत्राचा लाल उजेड मारायचा, यंत्र पीक करायचं, की खोकं आत. टेम्पोला टेकून उभ्या असलेल्या म्हातारीने सुनेकडे पाहिलं. उगाच घाबरत होतीस, अशा नजरेने.

मग त्याने एक खोकं फोडलं. खोक्यावरच्या रेघा गोदामासाठी, आतल्या साबणाच्या वडीवरच्या दुकानाच्या गल्ल्यासाठी. दोन्ही वाजायला हव्यात. त्याने एक वडी घेतली, उजेड धरला. यंत्र गप्प. वडी पुसली, तिरकी धरली, उलटी धरली. दुसरी घेतली. तीही गप्प.

"तुमचं यंत्र बिघडलंय," म्हातारी म्हणाली. "आमचा साबण नाही बिघडत."

त्याने स्वतःच्या खिशातलं डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढून यंत्राखाली धरलं. पीक.

"आजी, रेघा लाल छापल्यात तुम्ही."

लाल छापायच्याच होत्या. गल्लीबोळातली दुकानं एकेक करून मिटली, तेव्हा या मोठ्या दुकानाने वडी फळीवर ठेवून बघतो म्हटलं होतं. इथे नाही जमलं तर साबणाची भट्टी विझणार, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुनेने छापखान्यातून नमुना आणला, त्यावर रेघा काळ्या. म्हातारीने तो मेलेलं झुरळ धरावं तसा दोन बोटांत धरला. नवऱ्याने ठरवून दिलेलं लाल फुलाचं वेष्टण, त्यावर हे सुतकी पट्टे कशाला? लाल करा. आई, छापखानेवाला सांगत होता, एवढंच सून बोलली. चार बुकं जास्त शिकलीस म्हणून मला रंग शिकवू नकोस, असं म्हातारीने तिला सगळ्या कामवाल्या बायकांसमोर सुनावलं होतं. बायका तोंड फिरवून हसल्या होत्या.

तपासनीस समजावत राहिला. यंत्राचा उजेड लाल. लाल उजेडात लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. त्याच्या लेखी हा कागद कोरा.

"मला इथून धडधडीत दिसतंय. ह्याच्या डोळ्यात काय फूल पडलंय?"

"तुम्हाला दिसून काय उपयोग, आजी? गल्ल्यावर तुम्ही नसता."

तिने काळं पेन मागितलं. एकेक रेघ गिरवून देते म्हणाली, हात थरथरत नाही अजून माझा. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, तिला दोन शब्द ऐकवता आले असते. रेघ केसभर इकडची तिकडे झाली तरी वाजत नाही, एवढंच तो म्हणाला. सुनेने विचारलं, वड्यांना काळ्या रेघांच्या चिकटपट्ट्या लावून त्या उद्या आणल्या तर? पण फळी आजच भरायची होती. मागे दुसऱ्या साबणवाल्याचा ट्रक येऊन उभा होता. आता ती जागा त्याची.

हमाल आत गेलेली खोकी बाहेर आणू लागले.

म्हातारीने तपासनिसापुढे हात केला. द्यायचं नसतं कुणाला, पण त्याने यंत्र दिलं. तिने वडी टेम्पोच्या सावलीत नेली, दुसऱ्या हाताने आडोसा केला आणि बटण दाबलं. लाल उजेड वेष्टणावर पसरला. रेघा गेल्या. फूलही गेलं. ती वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिने यंत्र परत दिलं आणि वडी तशीच हातात धरून उभी राहिली.

टेम्पो भरला. सून ताडपत्रीच्या दोऱ्या ओढायला लागली. मागच्या ट्रकची खोकी पीक, पीक करत आत चालली होती.

"छापखानेवाला काय सांगत होता गं तेव्हा?" म्हातारीने विचारलं.

सुनेने गाठ मारली, ओढून पाहिली.

"राहू द्या, आई."

"सांग की. ऐकते मी."

सून पलीकडच्या टोकाला गेली आणि तिथली दोरी आवळू लागली.