दोन राखाडी

"वैनीनु, माका तरी ह्या दोघांत काय फरक दिसणा नाय," परशुराम म्हणाला. आता रंगाऱ्यालाच दिसत नाही म्हटल्यावर आणखी कोणाला दिसणार! भिंतीवर खिडकीजवळ एक राखाडी पट्टा, दाराजवळ दुसरा. दोन्ही आनंदीनेच शेडकार्डवर बोट ठेवून निवडलेले.

आनंदीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती पलंगावर लेकीच्या उशाशी बसली. "गौरजा, बाय माझी, बघ गो. खयचो बरो दिसता तुका?"

गौरजा छताकडे बघत पडून होती. पुण्यातली नोकरी सोडून मालवणात घरी आली, तेव्हापासून हे असंच. काय झालं ते कोणाला सांगितलं नाही आणि हळूहळू बोलणंच टाकलं. देवाला गाऱ्हाणं घालून झालं. कणकवलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. "बोलतं ठेवा तिला, काहीही विचारत राहा," ते म्हणाले होते. आनंदीने बांगडा तळू की कढी करू विचारलं, शेजारणींची भांडणं रंगवून सांगितली. हूं नाही की चूं नाही. खोलीला रंग कोणता देऊ, एवढं विचारलं तेव्हा मात्र पोर म्हणाली, "राखाडी." एवढ्या एका शब्दावर बिचारी आनंदी किती दिवस जगली!

"ह्यो खिडकीकडचो जरा काळसर आसा ना गो?" आनंदीचा आवाज रडवेला झाला होता, तरी ती हसत होती.

गौरजाने मान वळवली. एक पट्टा बघितला, मग दुसरा.

"दोनय सारकेच, आई."

आनंदीने तिचा खांदा धरला. "सारके कशे? काय तरीच बोलतंस! नीट बघ. 'आई, तू चुकलंस' म्हण. भांड गो माझ्याशी!"

पण गौरजा कुशीवर वळली. पाठ आईकडे.

परशुरामने डब्यातला रंग ढवळला. तोही मुलीबाळींचा बाप होता, पण काम ते काम. "सारकेच आसत तर ह्यो दाराकडचोच लावन टाकतंय, वैनीनु. सांजेपर्यंत खोली होतली." त्याने रोलर डब्यात बुडवला आणि भिंतीला टेकवायला उचलला.

आनंदी धावली. तिने भरलेला रोलर दोन्ही हातांनी धरला. रंग बांगड्यांवरून कोपरापर्यंत ओघळला.

"नको रे लावू, परशुरामा! भिंत झाली तर उद्या मी तिका काय इचारू?"