फळीपलीकडची शेगडी

सर्वेवाल्या साहेबानं पिठाच्या डब्याला हात घातला आणि बजाबाईला एकदम आठवलं. डबा रिकामा होता. शेगडी आणली, तवा आणला, चिमणीचा धूर धरून भिंत काळी केली, हळदीचे डागसुद्धा पाडले. डब्यात पीठ टाकायचं तेवढं राहून गेलं. उभा जन्म भाकरी थापण्यात गेला, आणि ऐन वेळेला पीठच विसरलं.

ही कोठी गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरची. दगडी, शंभरावर वर्षांची. खिडक्यांना रंगीत काचा, सागवानी जिना. मॅनेजर गेला, पुढं गिरणी बंद पडली, आणि खोल्याखोल्यांतनं कामगारांची बिऱ्हाडं मांडली गेली. बाहेरची माणसं येऊन काचांचे फोटो काढायची, हळहळायची. त्याच काचांतनं पावसात आत येणारं पाणी उपसायला मात्र कोणी येत नव्हतं. आता कोठी पडणार होती. तिथं गरिबाला परवडतील अशा घरांची सात मजली इमारत उठणार होती, आणि राहत्या बिऱ्हाडांना तिच्यात आधी जागा. नियम एकच. एक चूल, एक घर. पण खोटी चूल सापडली तर खऱ्या चुलीचंही नाव कापणार.

सकाळीच वरच्या मजल्यावर शांतम्माचं नाव कापलं गेलं होतं. तिच्या दुसऱ्या शेगडीला दुकानाचा कागद तसाच चिकटलेला निघाला. तिचं रडणं जिन्यातनं अजून खाली येत होतं.

बजाबाईचे दोन मुलगे, जोतीराम आणि अजिनाथ, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. थोरली सून वैजयंती, धाकटी दिपाली. सगळी मॅनेजरच्या जेवणघरात राहायची आणि एकाच चुलीवर जेवायची. बजाबाईला त्याचा केवढा तोरा! "माझ्या घरात दोन तवे न्हाईत," असं ती शेजारच्या रत्नम्माला येता-जाता ऐकवायची. रत्नम्माच्या सुना कधीच वेगळ्या झाल्या होत्या. पण हा नियम आला आणि रत्नम्माला तीन घरं मिळायची झाली. बजाबाईचा घास तिथंच अडकला. दुसऱ्याच दिवशी तिनं जेवणघराच्या मधोमध प्लायवूडची फळी उभी केली आणि पलीकडं दिपालीचं बिऱ्हाड मांडलं. नुसतं दाखवायला.

"शेगडी पेटवायची न्हाय हं," तिनं बजावलं होतं. "जेवाय समदी हिकडंच."

साहेबानं डब्याचं झाकण उघडलं. आत ज्वारीचं पीठ, काठोकाठ.

बजाबाईनं डोळे फाडून दिपालीकडं बघितलं. दिपाली खाली मान घालून उभी होती.

साहेब कच्चा नव्हता. असली घरं बघत बघतच तो इथवर आला होता. त्यानं तव्याला पालथा हात लावला आणि झटकन मागं घेतला. टोपल्यावरचं फडकं उचललं. खाली भाकरी. खलबत्त्यात लसणाचा ठेचा, अर्धा संपलेला. मोरीपाशी दोन ताटं धुऊन पालथी घातलेली, अजून ओली. एकेका वस्तूला बजाबाईचा जीव जात होता आणि परत येत होता. तिनं भिंतीचा आधार घेतला, तर हाताला काजळी लागली. तो हात तिनं पदराआड लपवला.

"बरोबर आहे सगळं," साहेब म्हणाला. "आता ताई, तुम्ही सांगा. वेगळ्या का झालात?"

"आवो, त्याचं काय झालं..." बजाबाईनं तोंड घातलं.

"मावशी, तुम्ही गप्प बसा."

उत्तर पाठ करून घेतलेलं होतं. सासू भांडकुदळ हाय, एवढंच म्हणायचं. "मला खुशाल शिव्या घाल, पर घर घालवू नगंस," बजाबाईनं चारदा सांगितलं होतं.

दिपालीनं मान वर केली. "भांडत न्हाईत त्या."

बजाबाईनं मनातल्या मनात बोटं मोडली. घालवलं! दोन्ही घरं घालवली कार्टीनं!

"भांडण कवाच झालं न्हाय, साहेब," दिपाली सावकाश म्हणाली. "पर लगीन हून सा वर्सं झाली, आज काय करायचं, असं मला कुणी एकदाबी इचारलं न्हाय. भूक लागली तरी टोपल्याला हात लावायच्या आदी त्यांच्या तोंडाकडं बघावं लागतं."

साहेब मोबाईलवर बोट फिरवून म्हणाला, "दोन घरं." आणि पुढच्या बिऱ्हाडाकडं निघून गेला.

बजाबाई मटकन खाली बसली. आधी घाम पुसला, मग हसायलाच लागली. "बया बया! लई गुणाची गं माजी बाय! पीठ काय, ठेचा काय, ताटं सुदिक भिजवून ठिवलीस! आन् ते बोलणं! मलाच खरं वाटाय लागलं की!"

तिनं वैजयंतीला पानं घ्यायला सांगितलं. कमरेवर हात देऊन उठली आणि फळीची कड धरली. "धर गं पल्याडनं. काढू या ही ब्याद. अजिनाथला हाक मार आन् चला, जेवून घिऊ."

दिपालीनं पल्याडनं फळी धरली. पण फळी जागची हलली नाही.

"ऱ्हाऊ द्या, आत्या," ती सासूला म्हणाली. "आमी जेवलो."