खरखरीचं पेडल

गिटारचं पेडल पहिल्याच फटक्याला चालू झालं, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली.

सुनेने पायाने बटण दाबलं, गिटारच्या तारांवर हात मारला आणि छोट्या स्पीकरमधून असा निर्मळ, गोड सूर आला की तान्ह्या बाळाला झोप लागावी. पेडल हवं होतं ते नेमकं उलट्या कामासाठी. सूर आत घ्यायचा, फाडायचा आणि गुरगुरत बाहेर सोडायचा. संध्याकाळी स्टेजवरचा तिचा पहिलाच कार्यक्रम होता, आणि बँडमधली बाकीची मंडळी गाडी घेऊन तासाभरात दारात येणार होती. उसनं आणलेलं पेडल मालकाने परत नेलं तेव्हा सासऱ्यांनीच छाती ठोकून सांगितलं होतं, “विकतचं कशाला? मी करून देतो. हातचा मळ आहे माझ्या.”

त्यात खोटं काही नव्हतं. सासऱ्यांचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या रेडिओत खरखर औषधालाही उरत नसे.

पेडल बसवलं होतं ती गोळ्यांची पत्र्याची डबी सुनेने उघडली आणि आतला बोर्ड उलटा केला. पुढून भोकांत रोवलेले सुटे भाग, पाठीवर तांब्याच्या पट्ट्या. ती भिंग घेऊन बसली. दोन पट्ट्यांमध्ये सोल्डरचा थेंब ओघळलाय का? जिथे तोडायची तिथे एखादी पट्टी कापायची राहिलीय का?

“बाबा, तुमच्या कामाची दृष्ट काढावी. एक जोड कच्चा नाही,” ती म्हणाली. “मग घोडं अडलंय कुठे?”

सासरे पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! सुनेचं बोट कागदावरच्या सर्किटच्या आकृतीवरून सरकू लागलं, तसा त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. आकृतीच्या मधोमध बोट थांबलं.

“इथे दोन डायोड दाखवलेत. बोर्डावर तर भोकं रिकामी आहेत.”

“खिशात आहेत,” सासरे म्हणाले.

“राहून गेले?”

“राहिले नाहीत. मीच ठेवले.” त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. “ते दोघं आवाजाची डोकी उडवतात गं. वर आला की छाट, खाली गेला की छाट. आधी मला वाटलं, आकृती काढणाऱ्याचीच चूक आहे. मग लक्षात आलं, मुद्दामच केलंय. पण हात धजावेना. एवढा चांगला आवाज, आणि आपल्याच हातांनी…”

सुनेने घड्याळाकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे. तिला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. नाकाचा शेंडा लालही झाला. पण समोर शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसलेले सासरे पाहिले आणि तिला हसू आवरेना.

“बाबा, वाघाची पार शेळी करून टाकलीत हो माझ्या!”

“पण शेळी गाते बरी.”

“आज शेळी नको.” तिने सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं, तापल्यावर त्याची मूठ त्यांच्यापुढे धरली. “मीही लावू शकते. पण तुम्ही अर्धवट सोडलेलं मी पुरं केलं तर ते तुमचं राहणार नाही. मला तुमच्या हातचं हवंय.”

त्यांनी खिशातून डायोड काढले. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे करून रिकाम्या भोकांत बसवले. धुराची बारीक रेघ वर गेली, वास नाकात शिरला आणि हात आपोआप चालू लागला. मनातून मात्र ते स्वतःच्याच रेडिओवर हातोडा घालत होते.

सुनेने बटण दाबलं आणि तारांवर हात मारला.

कपाटातले पेले थरथरले. सुनेचा नवरा तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत न्हाणीघरातून धावत आला. “काय कोसळलं?”

“काही नाही, तू जा!” दोघं एकदमच ओरडले.

सासऱ्यांनी चेहरा आधीच वाकडा करून ठेवला होता. कानाकडे निघालेला हात मात्र वाटेतच थांबला. खरखरीला त्यांच्याइतकं कोण ओळखणार? न बोलावता येते, गाण्यात ठाण मांडते आणि हाकललं तरी जात नाही. ही तशी नव्हती. सुनेने बोलावलं तेव्हा आली. तार ओढली तशी वाकली, लांबवली तशी लांबली, आणि तिने तारांवर तळहात ठेवताच मुकाट बसली. एवढ्या गदारोळात तिच्या बोटाखालचा सूर जागचा हललाही नव्हता.

“परत,” सासरे म्हणाले.

तिने वाजवलं.

“परत!”

त्यांचा पाय ठेका धरू लागला. त्यांना फार आनंद झाला होता, या वयात चारचौघांत दाखवायला संकोच वाटावा इतका. ते मान हलवत होते, आणि सून वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघून हसत होती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. सुनेने घाईघाईने वायर उपटली आणि डबी उचलायला वाकली. सासऱ्यांनी डबीवर हात ठेवला.

“त्यांना पाच मिनिटं थांबायला सांग,” ते म्हणाले. सोल्डरिंग आयर्न त्यांनी पुन्हा तापायला लावलं होतं. “तुला न सांगता आत आणखी एक सुधारणा करून ठेवलीय मी. तीही काढून टाकतो.”