तेरा काटे

"हात मधे घालू नको गं सारखी!" सगुणाबाईंनी सुनेला तिसऱ्यांदा झटकलं.

वेसाव्याच्या वाळूवर जाळ्यातली मासळी ओतली होती. बोंबील, मांदेली, कोलंबी, चिखल, सगळं एकात एक. सगुणाबाई निवडायला बसल्या की बघत राहावं. मान ताठ, नजर समुद्राकडे आणि बोटं पटापट चालताहेत. चाळीस वर्षांचा सराव तो. खाली बघायची गरजच काय?

कमल मात्र त्यांच्या कोपराला चिकटून, जीव मुठीत धरून बसे. पोर संगमनेरची. माहेरच्या वळणाने सासूला आत्याबाई म्हणायची. सगुणाबाईंच्या मुलाने, रामनाथने, त्र्याऐंशीत लग्न करून आणली, तेव्हा तिला बोंबील कुठला नि मांदेली कुठली तेही कळत नव्हतं. वर्ष झालं, आज तिची परीक्षा होती. नीट निवडलं तर अंधेरीच्या बाजारातला सासूचा ओटा तिला. चुकली तर पुतणीला, शकुला. सगुणाबाईंनी चार बायकांत तसं सांगूनच टाकलं होतं, आणि शकु समोर टपून बसली होती.

"दगडमासा कसा ओळखायचा? बोल."

"दगडासारखाच दिसतो. खवले नाहीत, अंगभर गाठी. तोंड वर वळलेलं. पाठीवर तेरा काटे, विषारी. तळाला चिखलात पडून असतो, डिवचला तरी हलत नाही."

"पाठ तर झकास केलंय," शकु म्हणाली.

सगुणाबाईंची बोटं पुन्हा ढिगात शिरली. कमलने एकदम हात पुढे घातला आणि किंचाळली. तिच्या तळव्याखाली चिखलाने माखलेला दगड होता. दगडाला तोंड होतं.

एकच धावपळ उडाली. विष उतरवायला कढत पाणी आलं. सगुणाबाईंनी सुनेचा हात घमेल्यात दाबून धरला. हात मनगटापर्यंत सुजला होता. सगुणाबाई मनातून पार घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या चिडत.

"डोळे फुटले होते का तुझे? गेला ना ओटा! एवढं शिकवून ओळखला नाहीस?"

"ओळखला होता, आत्याबाई."

"मग हात कशाला घातलास?"

कमलने शकुकडे पाहिलं. शकु आणखी पाणी आणायला गेली, तशी ती सासूच्या कानाशी वाकली.

"तुमचा हात त्याच्यावरच चालला होता. तुम्हाला दिसत नाही, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही."