वरचं पाणी

वैभवीच्या वजनाचा काटा आजही साडेसात किलोवरच थांबला. तीन महिन्यांपूर्वीही साडेसातच होता. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "खायला काय देता हिला?"

मिनलने धडाधडा सांगितलं. मऊ भात, घट्ट वरण, वरून तूप. उकडलेलं अंडं कुस्करून. केळं. शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी. तीन महिन्यांपासून ती कळमेश्वरला कंपनीत जात होती. पहाटे उठून सगळं स्वतः रांधायची, डब्यांत भरून जायची. सातला परत यायची तेव्हा डबे रिकामे असायचे.

"मग जातं कुठं एवढं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मिनलच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. खोटं कशाला बोला, उत्तर तिच्याजवळ तयार होतं. दिवसभर वैभवीपाशी घरात एकच माणूस, तिची सासू सुभद्राबाई. शेजारीण परवा म्हणालीच होती, "म्हातारपणी जीभ सुटते वं, मनावर नको घेऊ." मनावर कसं नाही घ्यायचं? चौदा महिन्यांच्या लेकराच्या तोंडचं अंडं! पण सुभद्राबाई तर स्वतःच चिपाडासारखी वाळलेली. त्या घरात खाल्लेलं कोणाच्या अंगी लागलं असेल, तर मागच्या दारातल्या काळ्या कुत्र्याच्या.

वैभवी मांडीवर गप्प बसली होती. फार गुणाची पोर, आजीजवळ रडत म्हणून नाही, असं सारी गल्ली म्हणायची. रविवारी मात्र मिनलच्या हातून हपापल्यासारखी जेवायची. आईच्या हाताची गोडी, असं मिनलला वाटायचं. कशाची गोडी अन् काय!

दुसऱ्या दिवशी ती अर्धी सुट्टी टाकून दुपारीच घरी आली. आज भांडायचंच होतं. शब्दसुद्धा जमवून ठेवले होते. चपला काढताना आतून सासूचा आवाज आला.

"घे राजा. एवढा एक घास."

मिनलला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारी तर किती जीव लावून भरवते आहे! तिने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं.

वैभवी भिंतीशी बसली होती. तिच्या हातात वाटी होती, वाटीत वरणाचं वरचं पिवळं पाणी. ते ती मुकाट्याने चाटत होती. सुभद्राबाईची तिच्याकडे पाठ होती. म्हातारीपुढे पाट मांडलेला, पाटासमोर ताटलीत घट्ट वरण-भात आणि अंडं. पाटावर कोणी नव्हतं. सुभद्राबाई घास उचलायची, पाटाच्या वर धरून थांबायची, आणि मग ताटलीच्या कडेला ठेवून द्यायची. मागच्या दारात कुत्रं वाट पाहत बसलं होतं.

"आई, तिथं कोण आहे?"

सुभद्राबाई दचकली नाही. "मधू," ती म्हणाली, शेजारचं कोणी येऊन बसलंय असं सांगावं तशी. "माहा पयला. पियूषच्या आधीचा."

पियूष म्हणजे मिनलचा नवरा. तो एकुलता एक, असंच तिला आजवर ठाऊक होतं.

सुभद्राबाई सांगू लागली. चौदा माणसांचं घर आणि वरणाचा एकच गंज, एकच पातेलं. खाली बसलेली डाळ वावरात राबणाऱ्या माणसांची. लेकरांना वरचं पाणी. त्यांना घट्ट जड जातं, असं तिची सासू म्हणायची. पळी मात्र सुभद्राबाईच्याच हातात असायची. एकदाही तिने ती तळापर्यंत घातली नाही.

"हिंमत नाही झाली वं. दीड वर्साचा होता. वाळत गेला, पण रडला नाही कधी. सारे म्हणत, किती गुणाचं लेकरू. मंग एक दिवस उठलाच नाही." तिने रिकाम्या पाटावरून हात फिरवला. "या घरात लेकरासाठी खालचं वरण पयल्यांदा तूच काढून ठेवलं. त्याच दिवशी आला तो. आता त्याले उपाशी कसं ठेवू? हिले पुरते वं पाणी. पाह्य ना, मागत बी नाही."

मिनलने वैभवीला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

"आई, मधूही मागत नव्हता."

सुभद्राबाईने नातीच्या वाटीकडे पाहिलं. मग तिचं मनगट धरलं. म्हातारीची बोटं मनगटाभोवती फिरून एकमेकांवर चढली. तसं मनगट तिने एकदा आधीही धरलं होतं.

"मीच," ती पुटपुटली. "आता बी मीच."

ती पाटाकडे वळली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "सरक गा मधू. पुतणी हाये तुही. भुकेली हाये."

तिने वैभवीला पाटावर बसवलं. पहिला घास तिच्या ओठांशी धरला. वैभवीने घास नुसता ओढूनच घेतला. दुसरा, तिसरा. ताटली रिकामी झाली आणि सुभद्राबाईने हात मागे घेतला.

वैभवीने ताटलीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, ओठ बाहेर काढले आणि घर दणाणून जाईल असा टाहो फोडला.

मिनल तिला उचलायला धावली. सुभद्राबाईने तिचा हात घट्ट धरला. म्हातारी रडत होती आणि हसतही होती.

"थांब वं, गप नको करू तिले. खायाले मागून राहिली ती. आयक ना मिनल, मागून राहिली!"