डुकरिणीचं पान

पिटगर्व्ही गावच्या नव्या सभागृहाला बखरकार ॲडमचं नाव मिळालं, चौदा विरुद्ध दोन मतांनी. हे आता विसरून जा. अजून दुपारचे तीनच वाजलेत, मतदान व्हायचंय, आणि एल्स्पेथबाई सोडून सगळ्यांची मतं गावच्या फुटबॉल संघाच्या जुन्या गोलकीपरच्या नावाला पडणार आहेत.

ॲडम हा सहाशे वर्षांपूर्वी इथल्याच मठात राहणारा साधू. शहाणे लोक लॅटिनमध्ये लिहीत होते तेव्हा यानं गावच्या स्कॉट्स बोलीत जगाची बखर लिहिली. म्हणून ती लॅटिनवाल्यांनी वाचली नाही आणि पुढे इंग्रजीवाल्यांनीही नाही. निवृत्त शिक्षिका एल्स्पेथबाईंनी बावीस वर्षं खपून ती इंग्रजीत आणली. प्रत एकच खपली. ती त्यांच्या बहिणीनं घेतली, खिडकीला अडकण म्हणून.

सभेत बाई आपलं इंग्रजी भाषांतर वाचू लागल्या. बखरीतला तिसरा राजा मेला तेव्हा अध्यक्ष रॉबी लंडी घोरत होते.

"बाई, ते राहू द्या," मासे विकणारी सेंगा किनियर म्हणाली. "म्हातारा स्वतः काय बोलला ते वाचा."

"ते गावठी आहे, सेंगा."

"ठाऊक आहे. तेच बोलले म्हणून तुम्ही मला दोनदा कोपऱ्यात उभं केलं होतंत."

बाईंनी मूळ पान काढलं.

"'किनियरची डुकरीन मठात घुसली न् मठपतीची टोपी खाऊन बसली. लंडी म्हनला, दार म्या न्हाय उघडं टाकलं. किनियर म्हनला, तूच. तवापास्नं दोगं बोलत न्हाईत.'"

रॉबी जागे झाले. किनियर आणि लंडी अजूनही बोलत नव्हते. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. चालत आलंय म्हणून चालू होतं.

"दार तुमच्याच माणसानं उघडं टाकलं असणार," सेंगा थेट रॉबींना म्हणाली.

"आणि डुकरीण कुणाची होती?" रॉबी म्हणाले. दोन घरांतलं हे सहाशे वर्षांतलं पहिलं संभाषण. लोक खुर्च्या पुढे ओढू लागले.

"वाचा, बाई," दोघं एकदम म्हणाले.

"'पन दार उगडनारा म्या वळखतो. त्याचं नाव...'" बाईंनी पान उलटलं. "इथून पुढची पानं हरवलीत."

एकच गलका झाला. बाई चष्मा पुसत हसत राहिल्या. मतदानात गोलकीपरनंही ॲडमलाच मत दिलं. विरोधातली दोन त्याच्या बहिणींची. मग आणखी एक ठराव झाला, तो मात्र एकमतानं:

"कै. ॲडम, राहणार मठ, यांनी बखरीचा उर्वरित भाग दोषी व्यक्तीच्या नावासह, दोन प्रतींत, पंधरा दिवसांच्या आत कार्यालयात समक्ष सादर करावा, ही विनंती."