सामाईक भिंत

इंटरनेट बसवायला आलेल्या डेर्लिसने मागच्या खोलीकडच्या भिंतीत सरकवलेली लवचिक पट्टी मध्येच अडकली. त्याने ती हलवली, फिरवली आणि हळूहळू बाहेर ओढली. टोकाला अडकून एक काळी तार आली. जुनी, वर कापड गुंडाळलेली. तारेच्या शेवटी कोटाच्या बटणाएवढी जाळीदार चकती होती.

"मावशी, ही कशाची? पूर्वी कुणी स्पीकर-बिकर बसवले होते का?"

दिग्ना उठली. तिने रेडिओ लावला, आवाज मोठा केला आणि ओठांवर बोट ठेवलं.

डेर्लिस हसला. "कोण ऐकतंय आता? ऐकणारे केव्हाच मातीत गेले."

तिलाही ते ठाऊक होतं. हुकूमशहाला देश सोडून पळावं लागलं त्याला पस्तीस वर्षं झाली होती. तरी जेवणाच्या टेबलाची कड घट्ट धरून ती उभी राहिली.

याच टेबलाशी शहात्तर साली, एका रविवारी, तिचा धाकटा भाऊ लुसिओ बोलला होता. दारं-खिडक्या लावलेल्या. आई, ती आणि तो, तिघंच. तिचा नवरा सेफेरिनो त्या रविवारीही कामावर गेला होता. आपले दोन मित्र कुणाच्या उसाच्या शेतात लपलेत, ते लुसिओने त्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी मित्रांना धरलं आणि त्यालाही. चौदा महिन्यांनी तो परत आला तेव्हा सरळ उभा राहू शकत नव्हता. "ताई," तो म्हणाला, "त्यांनी मला माझीच वाक्यं वाचून दाखवली. मध्ये तू मीठ मागितलंस, तेसुद्धा." वर्षभरात तो गेला.

त्या काळी राजधानीत, असुन्सिओनमध्ये, गल्लोगल्ली खबरे होते. लोक त्यांना प्यरागुए म्हणायचे, केसाळ पायांचे, म्हणजे पाऊल न वाजणारे. या गल्लीतला प्यरागुए कोण, हे शोधायला फार वेळ लागला नाही. सगळे नऊ-नऊ वर्षं टेलिफोनसाठी ताटकळत होते आणि शेजारच्या सुनिल्दाकडे तो तीन महिन्यांत आला होता. मी सुईण आहे, इस्पितळाने बसवून दिला, असं ती सांगायची. कुणाला पटलं नाही. दोन्ही घरांमधली भिंत सामाईक, एका विटेची. "कान लावून बसते ती," सेफेरिनो तेव्हा म्हणाला होता. त्या दिवसापासून गल्लीत सगळ्यांत फिरणारा तेरेरेचा, त्या थंडगार पाल्याच्या पेयाचा, पेला सुनिल्दाच्या दारापुढून तसाच पुढे जाऊ लागला. ईस्टरच्या आठवड्यात ती अंगणाच्या भिंतीवरून गरम चिपा, चीजचे छोटे पाव, द्यायची, दिग्ना ते तिच्यादेखत कुत्र्यांना घालायची. अठ्ठेचाळीस वर्षांत एक शब्द नाही.

आणि आज ही तार.

"पलीकडे जाते ना ती?" दिग्नाने कुजबुजत विचारलं.

"बघता येईल." डेर्लिसने तारेला एक छोटं यंत्र चिमट्याने जोडलं आणि पेनाएवढी कांडी दाखवली. "तारेजवळ नेली की ही चिवचिवते. पलीकडच्या बाजूने भिंतीवर फिरवायची. पण शेजारची म्हातारी मला दार उघडेल का?"

"दे इकडे."

सेफेरिनो घरी असता तर एवढंही झालं नसतं. दोन वर्षं तो नको नको म्हणत होता. जुनं घर आहे, भिंत ढासळेल, तुला काय करायचंय इंटरनेट. मागच्या खोलीत फोनवर माद्रिदला राहणाऱ्या लेकीचा चेहरा सारखा थिजून राहायचा. म्हणून आज तो डोळे तपासायला बाहेर पडल्यावर दिग्नाने डेर्लिसला बोलावलं होतं.

सुनिल्दाने काठी टेकत दार उघडलं. कांडीकडे पाहिलं, दिग्नाकडे पाहिलं आणि बाजूला झाली. "ये."

दिग्नाने कांडी भिंतीला लावली. पुरावा मिळाला तर या बाईला काय म्हणायचं, ते तिला हजार वेळा पाठ झालेलं होतं. ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली. कांडी गप्प. ती परत आली, खालून, वरून. कांडी गप्प. कांडी घासून भिंतीचा चुना झडला.

"काय शोधतेस?"

"तार. ज्या तारेने तू ऐकायचीस."

सुनिल्दा खुर्चीवर टेकली. "मला तार कशाला लागते गं? तुझ्याकडे चमचा पडला तरी मला इथे कळतं. त्या रविवारी मी इथेच बसले होते. उसाचं शेत ऐकलं, मालकाचं नाव ऐकलं. तू मीठ मागितलंस तेही ऐकलं."

"मग?"

"मग काय. गिळून टाकलं."

तार इकडे येत नव्हती. मग ती कुठे जात होती? आणि बसवली कधी? घर कधी रिकामं नसायचं. कुणीतरी आतून दार उघडल्याशिवाय भिंतीला हात लागला नसता. तिला हा विचार पुढे न्यायचा नव्हता.

पलीकडे फाटकाची कडी वाजली. फरशीवर ओळखीची पावलं. रेडिओ बंद झाला.

मग डेर्लिसला विचारणारा सेफेरिनोचा आवाज आला, दबलेला, तरी शेजारी बसून बोलल्यासारखा स्पष्ट.

"ही तार दिग्नाने पाहिली का?"